नळाने येणारी नर्मदा, नाल्याने जाणारी नर्मदा : इंदूरच्या मराठी मंडळांना खुले पत्र

प्रति,
इंदूर शहरातील सर्व मराठी मंडळे, भजनी मंडळे, महिला मंडळे आणि देवस्थाने यांचे विश्वस्त, पदाधिकारी व सभासद यांस

विषय : येत्या माघ शुद्ध सप्तमीचा नर्मदा जयंतीचा उत्सव

स.न.वि.वि.

इंदुरात घरोघरी दिवसाआड एक प्रश्न विचारला जातो : ‘नर्मदा आली का?’ पुण्यामुंबईहून नव्याने आलेला पाहुणा हा प्रश्न ऐकून गोंधळतो, कारण त्याच्या घरी नळाला नुसते पाणी येते, नदीचे नाव घेऊन तेथे कोणी नळाची वाट पाहत नाही. आपल्याकडे मात्र बोअरिंगचे ते पाणी आणि नळाला येते ती नर्मदा. नर्मदा आज उशिरा आली, नर्मदेला आज जोर नाही, नर्मदा गढूळ आहे, नर्मदेची टाकी वेगळी ठेवा, असे आपण दिवसभर बोलत असतो आणि आपण एका देवीचे नाव घेत आहोत याचे भान बोलताना बहुधा नसते. त्या भानाविषयीच मला आपल्याशी बोलायचे आहे. मी विदुषी नाही. गेली तीस वर्षे एका भजनी मंडळात टाळ वाजवणारी, नर्मदा जयंतीच्या बसमध्ये दरवर्षी जागा धरणारी एक गृहिणी आहे, आणि जे लिहिते आहे त्यात माझाही वाटा आहे हे समजूनच लिहिते आहे.

आमच्या घरच्या नळाला नर्मदा पहिल्यांदा आली तेव्हा सासूबाईंनी तोटीला हळदकुंकू वाहिले, पहिला तांब्या भरून देवघरात नेऊन ठेवला आणि मगच आम्हाला घागरी भरू दिल्या. पुढेही त्यांनी हा नेम सोडला नाही. नळ जेमतेम पाऊण तास चालायचा, त्यात पहिला तांब्या विसळून, भरून, पदराने पुसून देवापुढे जाईपर्यंत दोन बादल्यांचा वेळ जायचा आणि आम्हा सुनांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. त्यांना एकदा कोणी विचारले की नळाच्या पाण्याचे एवढे काय, तर त्या म्हणाल्या, ‘माहेरवाशीण दारात आली तर तिला आधी पाट देतो की आधी भांडी घासायला बसवतो?’ त्या गेल्या, नळ राहिला, आणि तांब्याचा नेम आमच्या घरातून कधी गेला हे मला आठवतही नाही.

आपल्यापैकी अनेक घरांत अजूनही स्नानाच्या वेळी ‘गंगे च यमुने चैव’ हा श्लोक म्हटला जातो. सात नद्यांना त्यात नावे घेऊन बोलावले जाते आणि या पाण्यात संनिध व्हा अशी प्रार्थना केली जाते. नाशिकच्या माणसाला त्यातली गोदावरी जवळची, म्हैसूरच्या माणसाला कावेरी जवळची. इंदूरच्या माणसाची गोष्ट मात्र निराळी आहे. त्या सातांपैकी एकीला आपण बोलवायची गरजच नाही, ती बादलीत अगोदरच येऊन बसलेली असते. बाकीच्या सहा जणींना आपण तिच्या पाण्यात यायला सांगतो. हे भाग्य मोठे आहे, आणि ते आपल्याला आयते मिळालेले नाही.

पासष्टी ओलांडलेल्यांना आठवत असेल की बिलावली, सिरपूर आणि यशवंतसागर या तलावांच्या भरवशावर वाढते शहर तहानलेले राहू लागले तेव्हा नर्मदा इंदूरला आणावी म्हणून १९७० साली येथे लोकांनी आंदोलन उभारले होते. त्यानंतर आठ वर्षांनी, १९७८ मध्ये, पाणी आले. मंडलेश्वरजवळच्या जलूद येथून ते उचलले जाते, सुमारे ७० किलोमीटरच्या वाटेत ५०० मीटरांहून अधिक उंची चढते, विंध्याची धार ओलांडते आणि मग उतरून आपल्या टाक्यांत पडते. अमरकंटकला उगम पावून १,३१२ किलोमीटर वाहणारी आणि भडोचजवळ खंभातच्या आखाताला मिळणारी ही नदी विंध्य आणि सातपुडा यांच्या मधल्या खोऱ्यातून जाते. तिने आपणहून विंध्य कधी ओलांडला नव्हता. अहिल्यादेवींनी राजधानी महेश्वरला नेली, म्हणजे त्या नर्मदेपाशी जाऊन राहिल्या. आपण नर्मदेलाच डोंगर चढायला लावून आपल्या मोरीपर्यंत आणले. यात पाप आहे असे मी म्हणत नाही. तहानलेल्या लेकरांसाठी आई डोंगर चढून आली, असेही त्याकडे पाहता येते आणि मला तसेच पाहायला आवडते. पण आई घरी आल्यावर पुढे तिचे आपण काय करतो, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

हा प्रश्न मला गेल्या नर्मदा जयंतीच्या रात्री पडला. आमची बस महेश्वरहून परतत होती. घाटावर दिवे सोडून झाले होते, ओट्या भरून झाल्या होत्या, प्रसादाच्या पुड्या मांडीवर होत्या आणि मागच्या बाकांवर भजन रंगात आले होते. शहरात शिरल्यावर बस कान्ह नदीच्या पुलावर आली आणि आम्ही चाळीस जणींनी एकाच वेळी पदर नाकाला लावला. भजन थांबले नाही. पदराआडून चालूच राहिले. पूल ओलांडला, पदर खाली आले आणि कोणी काही बोलले नाही, कारण त्यात बोलण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटलेच नाही. मला घरी येऊन झोप लागली नाही. ज्या नदीचे पाय धुऊन आम्ही आलो होतो आणि जिच्यामुळे आम्ही नाक झाकले, त्या दोन वेगळ्या नद्या नाहीत, एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत आपल्या ध्यानात कशी आली नाही, असे राहून राहून वाटत होते.

वाट सरळ आहे. नळाला आलेली नर्मदा आपण पितो, तिने अंघोळ करतो, धुणीभांडी करतो, आणि मोरीतून ती बाहेर पडते. पुढे तिचे जे जे शुद्ध होते किंवा होत नाही, ते अखेर कान्ह आणि सरस्वती या आपल्या शहरातल्या नद्यांच्या उतारानेच जाते. कान्ह उज्जैनपाशी त्रिवेणीला क्षिप्रेला मिळते, क्षिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला आणि यमुना प्रयागला गंगेला. आपण विंध्याच्या उत्तरेला राहतो, आपल्या अंगणात सांडलेल्या पाण्याचा उतार गंगेकडे आहे.

आता आपल्या आजीने सांगितलेली कथा आठवून पाहा. मेकल पर्वताची ही कन्या शोणभद्राला दिलेली होती. लग्नाआधी तिने जोहिलेला निरोप घेऊन पाठवले, शोणभद्र जोहिलेवरच भुलला, आणि ते पाहून रागावलेली नर्मदा पाठ फिरवून पश्चिमेला निघाली ती पुन्हा वळली नाही, जन्मभर कुमारी राहिली. कथेची रूपे निरनिराळी आहेत, पण नकाशा तिला साक्ष देतो : शोण अमरकंटकाजवळच उगम पावून पूर्वेकडच्या वाटेने पाटण्याजवळ गंगेला मिळतो, जोहिला त्याला मिळते, आणि नर्मदा एकटी पश्चिमेला जाते. दुसरीही एक कथा सांगतात की साऱ्या जगाची पापे धुऊन काळवंडलेली गंगा वर्षातून एकदा काळ्या गायीच्या रूपाने नर्मदेत स्नानाला येते आणि पांढरी होऊन परत जाते. या दोन कथा मनात धरून आपल्या मोरीकडे पाहिले की अंगावर काटा येतो. जी मानिनी पूर्वेकडे तोंड करायला तयार नव्हती तिला आपण कान्हच्या नाल्यातून, नको त्या रूपात, काशीच्या घाटांवरून शोणभद्राच्या भेटीला धाडतो. गंगा जिच्याकडे शुद्ध व्हायला येते तिला आपण गंगेकडे मळवून पाठवतो. थेंबाथेंबाचा हिशेब मला मांडायचा नाही, कितीतरी पाणी मध्येच शेतात जिरते, वाफ होऊन जाते, हे मलाही कळते. पण उताराची दिशा तीच आहे. आणि काशीचे म्हणाल तर तेथील विश्वनाथाचे मंदिर १७८० च्या सुमारास पुन्हा उभारणाऱ्या अहिल्यादेवींचे नाव आपण आपल्या सभागृहांना, शाळांना आणि चौकांना दिलेले आहे.

आपल्यातल्या काही ज्येष्ठांचा यावर आक्षेप येईल हे मला ठाऊक आहे, कारण मी हा विषय आमच्या मंडळात काढला तेव्हा तो आलाच. नदी मैली होते, अपवित्र होत नाही, असे ते म्हणाले. ज्या नर्मदेविषयी पुराणे सांगतात की सरस्वती तीन दिवसांत, यमुना सात दिवसांत, गंगा स्नान करताक्षणी आणि नर्मदा केवळ दर्शनाने पावन करते, तिला आपला नाला काय बाधणार? हा विचार मी हलका मानत नाही. श्रद्धेचे बळ त्यात आहे आणि त्याच बळावर माणसे अंगावरच्या कपड्यानिशी घर सोडून परिक्रमेला निघतात. पण याच परंपरेने पावित्र्य नदीकडे सोपवले तसा आचार आपल्याकडे सोपवला. पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये, असे स्मृतिग्रंथ स्पष्ट शब्दांत सांगतात. नदी बाटत नसती तर हे नियम सांगायचे कारण काय होते? मला त्याचे उत्तर असे वाटते की ते नियम नदीसाठी सांगितलेलेच नाहीत. देवाच्या मूर्तीवर चिखल उडाला तर देवाचे काही जात नाही, उडवणाऱ्याचे जाते. आणि दर्शनाने पावन करणाऱ्या नदीच्या बाबतीत तर हे जास्तच खरे आहे, कारण तिच्याकडे डोळे उघडून पाहणे हेच तिचे साधन आहे, आणि आपण पुलावर आलो की मान दुसरीकडे वळवतो.

नर्मदेची परिक्रमा आपल्या मराठी माणसांच्या जिव्हाळ्याची आहे. आपल्या ओळखीत परिक्रमा केलेले एकतरी माणूस नाही असे इंदूरचे मराठी घर विरळा. म्हणून तिच्या नियमांकडे मला थोडे थांबून पाहायचे आहे. देवळाला, मूर्तीला, वृक्षाला, पर्वताला प्रदक्षिणा घालण्याची चाल सर्वत्र आहे, पण उगमापासून समुद्रापर्यंत अख्ख्या नदीला उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठांनी अडीच हजार किलोमीटरांहून अधिक चालत जाण्याची रीत नर्मदेइतकी दुसऱ्या कुठल्या नदीची रुजलेली नाही. जुन्या रीतीने तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस. चातुर्मासात एका जागी मुक्काम. पैसा जवळ बाळगायचा नाही, सदावर्तात मिळेल ते शिजवायचे, आणि प्रवाह कुठेही ओलांडायचा नाही. ओंकारेश्वराहून निघालेल्याला समोरच्या मांधाता बेटावरचे ज्योतिर्लिंग दिसत असते, पण परिक्रमा पुरी होईपर्यंत त्याला तेथे जाता येत नाही, कारण मध्ये नर्मदा मैया आहे. मुखापाशी मात्र नावेने समुद्रातून पलीकडच्या काठाला जायचे, कारण तेथे ती नदी राहिलेली नसते.

तीर्थ या शब्दाचा मूळ अर्थ तरून जाण्याची, उतार मिळण्याची जागा असा आहे. मग जिचा प्रत्येक घाट तीर्थ आहे ती नदी ओलांडायचीच नाही, हा उलटा नियम कुठून आला, असा प्रश्न मला पुष्कळ वर्षे पडत असे. शास्त्रार्थ सांगणाऱ्यांनी तो सांगावा, मला सुचलेले एवढेच आहे. महादेवाच्या देवळात आपण पूर्ण प्रदक्षिणा घालत नाही. पिंडीवरचे पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडते त्या सोमसूत्रापर्यंत जातो आणि तेथून मागे फिरतो, अभिषेकाचे वाहते पाणी ओलांडत नाही. नर्मदा शंकराच्या घामातून झाली असे सांगतात, तिला शांकरी म्हणतात, तिच्या पात्रात सापडणारे बाण, म्हणजे पिंडीच्या आकाराचे गोटे, प्राणप्रतिष्ठा न करताही पूजेला चालतात, खरगोन जिल्ह्यातल्या बकावां गावात आजही घरोघरी नर्मदेच्या दगडातून पिंडी घडवल्या जातात. सारा मेकल पर्वत पिंडी मानला तर ही नदी म्हणजे तिचे सोमसूत्र झाले. ते ओलांडायचे नाही हे मग आपोआप आले. आणि सोमसूत्रातून निघालेले अभिषेकाचे पाणी आपण काय करतो? ओंजळीत धरतो, डोळ्यांना लावतो, पायाखाली येऊ नये म्हणून जपतो.

परिक्रमावासी एका लहान बाटलीत नर्मदाजल घेऊन निघतो आणि वाटेत तिची रोज पूजा करतो. त्या बाटलीचा आणि आपल्या घरातल्या पाण्याचा विचार करताना आपल्या एका सवयीची मला लाज वाटते. आपल्या देवघरात महेश्वराहून आणलेला, लाखेने तोंड बंद केलेला गडू वर्षानुवर्षे असतो. त्यातले पाणी शिळे होत नाही अशी आपली श्रद्धा आहे. त्याच घरात आज नळ आला की काल भरून ठेवलेले हंडे आपण ‘शिळे’ म्हणून मोरीत उपडे करतो. दोन्ही पाणी एकाच नदीचे! गडूतली नर्मदा ताजी आणि हंड्यातली शिळी, हा भेद कुठल्या पोथीत सांगितला आहे? नळाला थेट मोटर लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी खेचणारी घरेही आपल्याच वस्त्यांत आहेत, आणि त्याच घरांतून परिक्रमावासीयांना जेवायला बोलावले जाते. जो माणूस उद्याचा शिधाही जवळ ठेवत नाही त्याच्या पानात वाढताना आपल्याला काही वाटत नाही, याचेच नवल.

मराठी माणसाचे या नदीशी नाते किती जुने आहे हे आपल्याला नव्याने सांगायला नको. थोरल्या बाजीरावांनी २८ एप्रिल १७४० रोजी तिच्याच काठी रावेरखेडीला देह ठेवला. महेश्वरच्या वाड्यात नर्मदेच्या मातीची पार्थिव लिंगे करून पूजा करण्याचा अहिल्यादेवींच्या वेळचा पाठ आजही चालू आहे : माती नदीतून यायची, पूजा झाली की नदीत परत जायची, मध्ये काहीही शिल्लक राहायचे नाही. वासुदेवानंद सरस्वती, आपले टेंबे स्वामी, १९१४ मध्ये गरुडेश्वरी नर्मदातीरावर समाधिस्थ झाले आणि त्यांचे शिष्य नाना महाराज तराणेकर इंदुरात राहिले, म्हणून तर आपल्यापैकी कितीतरी घरांत संध्याकाळी टेंबे स्वामींची करुणात्रिपदी म्हटली जाते. तेव्हा माझे म्हणणे परके म्हणून बाजूला ठेवू नये, एवढी विनंती आहे.

उज्जैनच्या सिंहस्थाचाही उल्लेख करणे भाग आहे. २०१४ पासून नर्मदेचे पाणी ओंकारेश्वराकडून उचलून इंदूरजवळच्या उज्जैनी गावी क्षिप्रेच्या उगमापाशी सोडण्याची योजना चालू आहे आणि २०१६ च्या सिंहस्थात भाविकांनी क्षिप्रेत स्नान केले तेव्हा त्या क्षिप्रेत नर्मदा होती. त्याच सिंहस्थासाठी कान्हचे पाणी नळांतून वळवून उज्जैनच्या घाटांना वळसा घालून पुढे नेण्याची योजनाही झाली, आणि आता २०२८ च्या सिंहस्थासाठी त्याहून मोठे काम चालले आहे. म्हणजे नर्मदा दोन वाटांनी उज्जैनला जाते. एका वाटेने गेलेल्या नर्मदेत साधू बुडी घेतात, दुसऱ्या वाटेने, आपल्या घरांतून, गेलेल्या नर्मदेला त्यांच्या नजरेआड बंद नळातून न्यावे लागते. अभियंत्यांना मी दोष देत नाही, त्यांना हे करावे लागते ते आपल्यामुळे.

शहराने काहीच केले नाही असे कोणी म्हणू नये. २०१७ पासून स्वच्छतेचा पहिला क्रमांक आपण उगाच मिळवलेला नाही. महापालिकेने नाल्यांत उघडणारी सांडपाण्याची हजारो तोंडे बंद केली, शुद्धीकरण केंद्रे उभारली, आणि २०२१ मध्ये देशातले पहिले ‘वॉटर प्लस’, म्हणजे सांडपाणी शुद्ध करूनच सोडणारे, शहर हा मानही इंदूरला मिळाला. हेही खरे आहे आणि पुलावर आमचे पदर नाकाला लागले हेही खरे आहे. म्हणूनच हे पत्र महापालिकेला लिहिलेले नाही. नळ, गटार आणि केंद्र तिच्या हातात आहे. कान्हला कोणी नमस्कार करावा की नाही, हे तिच्या हातात नाही. तो अधिकार आपला आहे, कारण नर्मदेचे उत्सव आपण करतो.

तेव्हा आता विनंतीकडे येते. माघ शुद्ध सप्तमी ही नर्मदा जयंती आणि तीच रथसप्तमी. संक्रांतीपासून चाललेली आपली हळदीकुंकवे त्याच दिवशी संपतात, अंगणात बोळक्यात दूध उतू घालवतो तोही तोच दिवस. आपल्या सर्व मंडळांच्या बसगाड्या त्या दिवशी महेश्वर, मंडलेश्वर आणि ओंकारेश्वराकडे धावतात. त्या बंद कराव्यात असे मी म्हणणार नाही, माझीच हिंमत होणार नाही. पण त्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक मंडळातील निदान काही जणांनी इंदुरातच थांबावे आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपाशी, कान्हच्या काठी, सर्वांनी मिळून आरती करावी, असे मला सुचवायचे आहे. होळकरांच्या त्या छत्र्यांपुढे वाहते ते पाणी महेश्वरच्या घाटापुढून वाहणाऱ्या नदीचेच दुसरे रूप आहे. घाटावर आपण तिचे स्वागत केले, आता तिची पाठवणीही आपणच करावी. तेथे उभे राहून आरती म्हणताना पदर नाकाला लावायचा नाही, एवढा एकच नियम मी धरीन. वास येईल. तो येऊ द्यावा.

त्या आरतीला चुनरी नको. नायलॉनची शेकडो हात लांबीची चुनरी या काठापासून त्या काठापर्यंत नेण्याची जी चढाओढ अलीकडे घाटांवर दिसते ती मला कधीच पटली नाही. त्या वस्त्राने झाकली जाते ती नदी आणि उघडी पडते ती आपली हौस. दिवे कणकेचे असावेत आणि द्रोण पानांचे, म्हणजे दिवा विझल्यावर उरते ते माशांना खाता येते. थर्माकोलच्या वाट्या आणि चमकीची फुले विकणारे घाटावर असतातच, पण आपण घरून कणीक मळून नेली तर त्यांच्याकडून घ्यायचे कारण राहत नाही. कान्हमध्ये मात्र मी दिवा सोडू नये असेच म्हणेन, तो काठावर ठेवावा. जिला अगोदरच पुष्कळ काही वाहिले जाते तिला आणखी काही वाहणे बरे नव्हे.

दुसरी विनंती विश्वस्तांना आहे आणि ती थोडी अडचणीची आहे. आपल्या मंडळांची सभागृहे आहेत, मंगल कार्यालये आहेत, देवळांच्या भोजनशाळा आहेत. त्यांच्या मोरीचे पाणी कुठे जाते हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मी एका देवळात विचारले, तेव्हा पुजाऱ्यांनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवले, आणि भिंतीपलीकडे नाला होता. पंचामृताचा अभिषेक, प्रसादाच्या भांड्यांचा साबण आणि हात धुतलेले पाणी, सारे एकाच भोकातून. नर्मदा जयंतीच्या आधी प्रत्येक संस्थेने प्लंबर बोलावून आपली मोरी सांडपाण्याच्या वाहिनीला जोडलेली आहे की उघड्या नाल्याला, एवढे पाहून घ्यावे. जोडलेली नसेल तर त्या वर्षीच्या उत्सवाच्या खर्चातून ती जोडावी. मंडपाची कमान एक वर्ष लहान झाली तरी मैया रागावणार नाही. हे काम झाले की सभेत त्याची नोंद करून टाळ्या वाजवायलाही माझी हरकत नाही.

आणि महिला मंडळांना, माझ्या मैत्रिणींना, एक सांगणे आहे. रथसप्तमीच्या शेवटच्या हळदीकुंकवाला या वर्षी वाण म्हणून प्लॅस्टिकचा डबा किंवा स्टीलची वाटी न देता तांब्याचा एक लहानसा तांब्या द्यावा. खर्च जास्त वाटत असेल तर दोघींत एक द्या, पण त्याबरोबर सासूबाईंचा नेमही द्या : नळ आला की पहिला तांब्या देवापुढे, आणि संध्याकाळी तो मोरीत न ओतता तुळशीला. माझ्या घरात हा नेम मी येत्या सप्तमीपासून पुन्हा सुरू करते आहे. सून हसेल, तिच्या कपाळाला आठ्या पडतील, त्या मी ओळखते.

ज्या मंडळांना छत्र्यांवरच्या आरतीची कल्पना मान्य असेल त्यांनी आपापल्या पुढच्या बैठकीत ती मांडावी आणि वेळ एकमेकांना विचारून ठरवावी, म्हणजे एका संध्याकाळी चार वेगवेगळ्या आरत्या व्हायच्या नाहीत, जे आपल्याकडे अशक्य नाही. परवानगीचा अर्ज लागतो, तो कोणीतरी एकाने सर्वांच्या वतीने करावा. कणकेचे दोनशे दिवे आमचे भजनी मंडळ करून आणील. तेल आणि वाती ज्यांनी त्यांनी आणाव्यात. ज्येष्ठांना छत्र्यांच्या पायऱ्या उतरणे जड जाते, त्यांच्यासाठी वर सतरंज्या घालाव्या लागतील, आणि वारा असतो म्हणून काडेपेट्या दोन जास्त ठेवाव्यात.

कळावे, लोभ असावा.

नर्मदे हर.

आपली नम्र,
इंदूरच्या एका भजनी मंडळाची सभासद